बाकडी काढली ते साल

सीताफळाचे डोळे उघडायला लागले की मला घरात बसवत नाही. नवरात्राच्या आसपास बालाघाटाच्या उतारावर जाऊन बघावं. पाऊस ओसरलेला असतो, गवत गुडघ्याच्या वर गेलेलं असतं आणि त्या गवतातून मान काढून उभ्या राहिलेल्या वेड्यावाकड्या झाडांवर हिरवी फळं फुगत असतात. मग एका सकाळी फळाचे खवले एकमेकांपासून जरा सुटतात, मधली फट पिवळसर पांढरी दिसते. याला आमच्याकडे डोळे उघडणं म्हणतात. डोळे उघडले की फळ काढायचं. नाही काढलं तर उद्या पोपट खातो, परवा मुंग्या. आंबा चार दिवस तरी दम धरतो, सीताफळ कुणासाठी थांबत नाही.

आणि नेमकी याच दिवसांत आमची माणसं निघतात. ऊसतोडीच्या गाड्या वाडीवाडीला लागतात. गोधड्या, पातेली, कोयते, एखादी शेळी, वर लेकरं, त्यावर म्हातारी. डोंगर भरून येतो आणि वाड्या रिकाम्या होतात. लग्न होऊन धारूरच्या डोंगरात आले तेव्हापासून मला हे खटकायचं. फळ पिकतं तेव्हा वेचणारे हात दुसऱ्याच्या उसात. खटकायचं, आणि मी भाकरी थापत बसायचे. त्या एका साली नाही बसले.

आमच्या दारात एक जीप होती. अजून आहे. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, ती कुठल्याशा सरकारी खात्याच्या लिलावातून आणलेली. कापडी टप, उंच चाकं, आणि चारही चाकांना जोर देणारा तो छोटा जादा गेअर. बैल जिथं पाय टाकायला बघतो तिथं ती जीप जायची. आबा लई वर्षं सरपंच होते. पुढच्या सीटवर ते, आणि मागं समोरासमोर दोन लांब बाकडी, त्यांच्यावर आबांची माणसं. कुणी कुठं बसायचं हे ठरलेलं होतं. लग्नाची बोलणी, बांधावरची भांडणं, निवडणुका, सगळं त्या बाकड्यांवर बसून ठरत गेलं. मी त्या बाकड्यावर दोनदाच बसले. एकदा नवरी म्हणून, आणि एकदा पोटात कळा सुरू झाल्या तेव्हा.

मग आबा निवडणूक हरले. माणसं एकदम नाही तुटली. आज हा आला नाही, उद्या तो आला नाही. नव्या सरपंचाकडं नवी पांढरी गाडी होती, थंडगार. हळूहळू जीप पत्र्याखाली उभी राहिली ती राहिलीच. रेक्झिन उकललं. एका बाकड्याखाली कोंबडी अंडी घालायला लागली. माझे मालक पुण्याकडं कंपनीत, सणाला यायचे. आबा रोज सकाळी जीपवरची धूळ पुसायचे, पण चावी लावायचे नाहीत.

मला गाडी येत होती. माहेरी ट्रॅक्टर होता आणि वडिलांना मुलगा-मुलगी हा भेद नांगरटीच्या वेळी परवडायचा नाही. सासरी हे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नव्हतं.

कौसा आमच्या शेजारची. ती आणि तिचा नवरा मारुती दरसाली तोडीला जायचे. तोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. दोन माणसं, चार हात, हिशेबाला एक कोयता. त्या साली दसऱ्याच्या आधी कौसा माळावर फळं वेचताना मला सहज म्हणाली, "वैनी, औंदा मी जाणार न्हाई."

मला वाटलं आजारी आहे. मागल्या खेपेला फडावर तिचं अंगावर जायचं फार झालं होतं, तशीच मोळ्या वाहत राहिली होती, हे मला ठाऊक होतं. मी विचारलं, कावून गं?

"न्हाई म्हंजे न्हाई. कारण सांगाया मी काय कचेरीत उभी हाय?"

ती हसली नाही. हातातलं फळ तिनं पाटीत ठेवलं, आदळलं नाही. एवढ्या रागात माणूस इतक्या हळू काही ठेवू शकतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

पण नाही म्हणून पुढं काय? सीताफळं होती. आमच्या माळावर होती, गायरानात होती, कड्याच्या कपारीत होती. डोंगरातल्या बायका ती पाटीत घालून, डोक्यावर घेऊन खाली डांबरी रस्त्यावर न्यायच्या. तिथं व्यापाऱ्याचा टेम्पो यायचा. टेम्पोवाला वर येत नसे, तोडीचा ट्रकच काय तो दगडांतून कसाबसा चढायचा. तो म्हणेल तो भाव. आणि तो फळं हौद्यात ओतायचा, खडी ओततात तशी. वर म्हणायचा, तुमचा माल दबका असतो. बायका ऐकून घ्यायच्या. डोक्यावरचं ओझं परत डोंगरावर कोण नेणार?

मी कौसाला म्हणाले, आपण जीप काढू.

पहिली खेप आम्ही दोघींनी कुणाला न विचारता केली. आबा बीडला दवाखान्यात गेले होते. बॅटरी शेजारच्या ट्रॅक्टरची लावली. बाकड्यांवर पाट्या, दोन बाकड्यांच्या मधल्या बोळात पोती, पोत्यांवर पुन्हा पाट्या, आणि मागच्या फळीवर पाट्या धरून कौसा. सिरसाळ्याचा बाजार गाठायचा होता. वाडीतून निघाल्यावर पहिल्या दगडातच मागून आवाज आला. ओढ्यात उतरताना बाकड्यावरची पाटी घसरून खालच्या पोत्यावर बसली. सिरसाळ्यात पोचलो तेव्हा हौद्यातून पांढरा रस गळत होता आणि आमच्या मागं माशांची वरात. जे शाबूत होतं ते विकलं. बाकीचं परतीच्या वाटेवर ओढ्याच्या कडेला गुरांपुढं टाकलं. गुरं बियांसकट खात होती, आणि आम्ही दोघी पदर खोचून जीप धूत होतो. बाकड्याच्या लोखंडी कडेनं फळं कापली होती. त्या सांदीतला गर कौसा काडीनं काढत होती. काढता काढता म्हणाली, "हितं माणसं बसणार का फळं, ते येकदा ठरवा."

आबांची माणसं त्या बाकड्यांवरून उठून कधीच गेली होती, पण त्यांची जागा मात्र अजून अडलेली होती. माझ्या डोक्यात हे तोवर आलंच नव्हतं.

धारूरला किल्ल्याच्या रस्त्याला सलीमभाईंचं वेल्डिंगचं दुकान. जीप त्यांच्या दारात उभी केली आणि खडूनं जमिनीवरच आकृती काढली. दोन्ही बाकडी काढायची. दोन्ही बाजूंना लोखंडी अँगलचे कप्पे, एकावर एक, प्लास्टिकचं क्रेट आत सरकेल एवढ्या उंचीचे. मधे माणूस वाकून जाईल एवढी वाट. चाकांच्या वर जो पत्रा फुगलेला असतो, त्याच्या मागंपुढं जी सांदी वाया जाते तिथं झाकणाच्या पेट्या, त्यात दोरी, ताडपत्री, पाना, जॅक. स्टेपनी आत लोळायची, ती मागच्या दारावर बाहेरून टांगायची. सलीमभाईंनी आकृतीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "भाभी, आबासाहेबांना इचारलं का?"

"गाडी तुमच्या दारात कुणी आणली?"

"तुमी."

"मग जे इचारायचं ते मला इचारा."

त्यांनी पुढं एकच विचारलं, कप्प्यांना रंग कुठला लावू.

आबा अजून बीडलाच होते, काम चाललं तेवढे दिवस मी एसटीनं जाऊन येऊन करत होते. वेल्डिंगचा तो जळका वास, डोळ्यांपुढं नाचणारे निळे ठिपके, आणि बाकडी सुटताना झालेला किरकिराट. वर्षानुवर्षं गंजून बसलेले नट. सलीमभाईंनी एक तोडलाच. क्रेट कप्प्यात आदळू नयेत म्हणून आम्ही जुन्या सायकलींच्या ट्यूबा उभ्या चिरून अँगलला गुंडाळल्या. क्रेटच्या तळाला सीताफळाचाच पाला, त्यावर फळांची एकच रांग, पुन्हा पाला. टपाच्या लोखंडी कमानींवर मी हौसेनं कॅरिअर बसवून घेतलं होतं. रिकाम्या रस्त्यावर झोकात दिसायचं, पण पुढं एकदा भरलेली क्रेट वर ठेवून डोंगराच्या आडव्या उतारावर गेले तेव्हा जीप अशी कलली की वरच्या बाजूचं चाक जमिनीवरून उचललं गेलं. मी घाबरून स्टेअरिंग डोंगराकडं नाही, उताराकडं वळवलं, गाडी सरळ खाली गेली आणि बोरीत घुसून थांबली. त्यामुळंच वाचले. तेव्हापासून जड ते खाली, पुढच्या चाकांकडं सरकवून, आणि टपावर फक्त रिकामी क्रेट.

मी जीप घरी आणली तेव्हा आबा दारात उभे होते. मागचा कापडी पडदा वर बांधलेला होता, आत सगळं दिसत होतं. ते जवळ आले. कप्प्याच्या अँगलवर हात ठेवला, ट्यूबेचं रबर दाबून पाहिलं. मी खाली मान घातली नाही. त्या घरात मी पहिल्यांदाच खाली मान घातली नव्हती, म्हणून ते ठळक आठवतं.

"त्या बाकड्यावं माझी माणसं बसलीत, सुनबाई."

"माणसं कुठंयत आता, आबा?"

ते घरात गेले. पुढं बरेच दिवस ते माझ्याशी शब्द बोलले नाहीत. पाणी हवं असलं तर भिंतीला सांगायचे. वाडीत चर्चा झाली ती वेगळीच. सून बाकडी काढती अन् सासरा बघत बसतो. बाईमाणूस गेअर टाकतं, आता पाऊस कुठून पडंल. मालकांचा फोन आला. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, कर तुला काय करायचं ते, फक्त आबांनी मला विचारलं तर मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार. मी म्हटलं, म्हणा.

आज विचार करते तेव्हा वाटतं, आबांना मी बोलले ते वाक्य कडू होतं. पण खोटं नव्हतं, आणि मी ते परत घेतलेलं नाही.

कप्पे भरून पहिली खेप घेऊन निघालो त्या सकाळी कौसा पुढं माझ्या शेजारी बसली. जीपच्या पुढच्या सीटवर ती आयुष्यात बसली नव्हती. पाय कुठं ठेवायचे हे तिला कळेना. दोन्ही हातांनी तिनं समोरची दांडी धरली होती. ओढा आला, दगड आले, मी छोटा गेअर टाकला, आणि दोघींचे कान मागं. रबरावर क्रेट हलल्याचा दबका आवाज, बस्स. तोच ओढा, तेच दगड. सिरसाळ्यात मागचा पडदा उघडला तेव्हा घमघमाट आला आणि फळ होतं तसं होतं. आडतीवर लिलाव बोलणारा माणूस फळ हातात फिरवून बघत होता, दबकं कुठं आहे ते शोधत. त्याला सापडलं नाही. भाव तो बोलायच्या आधी कौसा बोलली. रविवारी कपिलधारला गेलो. दर्शन घेऊन, धबधबा बघून येणारी माणसं गाडीभोवती जमली. लेकरं जागेवरच फळ फोडून खात होती आणि बिया कुठं टाकायच्या म्हणून आईकडं बघत होती. कौसा सगळ्यांना सांगत होती, टाका तिकडं उतारावर, उगवंल.

मग तोडीची गाडी आली. टोळीचा मुकादम खाली उतरून घरोघर फिरला. मारुतीनं अजून आगाऊ पैशाची उचल घेतली नव्हती, पण मन त्याचं गाडीतच होतं. मुकादमानं त्याला सगळ्यांसमोर सांगितलं की बाई येत नसंल तर तू अर्धा कोयता, अन् अर्ध्या कोयत्याला माझ्याकडं जागा न्हाई. गाडी निघून गेली. मारुती पारावर बसून कौसाला जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही. ती ऐकत राहिली. त्याचं संपल्यावर म्हणाली, "मी अर्धी न्हाई. तुमचं तुमी बघा." आणि आमच्या अंगणात येऊन क्रेट पुसायला बसली. मला वाटलं आता ही रडेल. ती क्रेट पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी मारुती माळावर आला. कड्याच्या कपारीतली फळं, जिथं आम्ही बायका जात नव्हतो, ती त्यानं उतरवली. संध्याकाळपर्यंत उतरवत होता.

निवडणुकीचे दिवस त्यातच आले. आबांना विसरलेली माणसं एका सकाळी अंगणात उभी राहिली. मोठ्या नेत्याची मिरवणूक होती, डोंगरातल्या वाड्यांवर फिरायचं होतं, आणि त्यांच्या पांढऱ्या गाड्या वर चढत नव्हत्या. आबांची जीप पाहिजे होती, नेत्यांना उभं राहून हात जोडायला. आबांनी खुर्च्या मागवल्या. मला चहा ठेवायला सांगितला. कितीतरी दिवसांनी ते माझ्याशी थेट बोलले होते. त्यांच्या आवाजात जुना जोर होता. तो ऐकून मला बरं वाटलं, हेही खरं आहे.

पण त्या दिवशी जीप भरलेली होती. आदल्या दिवशी काढलेली फळं, डोळे टक्क उघडे, संध्याकाळपर्यंत मऊ पडली असती. वाडीतल्या बायकांचा माल होता तो, माझ्या एकटीचा नव्हता. चहाचा ट्रे ठेवून मी आबांजवळ गेले आणि म्हणाले की आज गाडी मिळणार नाही. आबा म्हणाले, चावी दे. मी म्हणाले, नाही देणार. चावी कमरेला होती. आलेल्यांतला एक जण उठून जीपच्या मागं गेला, पडदा वर करून आत बघितलं आणि हसला.

"काय बे, सरपंचाची जीप म्हणत होतात ना? ही तर भाजीची गाडी झाली की."

दोघं-तिघं आणखी हसले. आबा खुर्चीतून उठले. मला वाटलं आता माझ्यावर हात उचलतील. त्यांनी उपरणं खांद्यावर नीट केलं आणि त्या हसणाऱ्याकडं बघून म्हणाले, "गाडी सुनंची हाय. तिनं न्हाई म्हणलं, इषय संपला."

माणसं चहा न पिता गेली. आबा माझ्याकडं न बघता आत गेले. ते माझ्या बाजूनं बोलले, की त्यांना हसल्याचा राग आला होता, मला आजवर समजलेलं नाही. मी कधी विचारलं नाही. पुढची चार वर्षं ते होते. जीपमध्ये पुन्हा बसले नाहीत. दवाखान्यात जायचं झालं तरी एसटीची वाट बघायचे. पण कप्प्याचा एक अँगल मोडून निघाला होता तो मला न सांगता एसटीनं धारूरला नेऊन कुणी जोडून आणला, हे सलीमभाईंनी मला नंतर सांगितलं. काही माणसं तुमची बाजू घेतात आणि तुमच्यावरचा राग सोडत नाहीत. त्या दोन्ही गोष्टींसकट त्यांना आठवायचं मी शिकले.

त्या सालानं डोंगर बदलला असं मी म्हणणार नाही. पुढच्या वर्षी आणखी दोन घरं थांबली, त्यातलं एक त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तोडीला गेलं. ज्या साली पाऊस कमी, त्या साली फळ लहान आणि आमचं तोंडही लहान. टेम्पोवाला अजून येतो, पण आता फळं ओतत नाही, क्रेट घेऊन येतो. त्याला कुणी शिकवलं म्हणून मी विचारत नाही. कौसा गाडी शिकली. उलटी घेताना अजून जीभ बाहेर काढते. मारुतीनं कड्याखाली नवी झाडं धरली आहेत. आणि दर साली कुणी ना कुणी मला सांगतंच, आता जीप विका, नवा टेम्पो घ्या, बाईमाणसाला सोपं. मी म्हणते, मला सोपं नको, मला वर चढणारं पाहिजे.

यंदा नवरात्र उलटल्यावर एका सकाळी आम्ही भरून निघालो. कौसा चालवत होती. खिंडीत, जिथं एकावेळी एकच गाडी मावते, तिथं समोरून तोडीचा ट्रक आला. खालच्या वाड्यांची माणसं भरून वरच्या वाड्यांकडं चालला होता. ड्रायव्हरनं हॉर्न दिला आणि हातानं खूण केली, मागं घ्या. आमच्या मागं चढ, मधे मोठे दगड, आणि कप्प्यांत पाल्यावर निजवलेली फळं. त्याच्या मागं सपाट रस्ता. कौसानं माझ्याकडं बघितलं. तिनं गाडी बंद केली, हँडब्रेक ओढला आणि हाताची घडी घालून बसली. ड्रायव्हर उतरला, ओरडला, मुकादमाचं नाव सांगितलं. कौसा समोर बघत राहिली. ट्रकमधली माणसं वरून वाकून आम्हाला बघत होती. शेवटी ट्रकच मागं गेला, अगदी सावकाश, रुंद जागेपर्यंत.

शेजारून जाताना कौसानं गाडी थांबवली. वर फळीला टेकून बसलेल्या बायकांत तिच्या ओळखीच्या दोघी-तिघी होत्या. मी मागून एक क्रेट ओढलं आणि फळं वर देत गेले. हात खाली येत होते, फळ घेऊन वर जात होते. एक तरणी पोर होती, नवी लग्न झालेली, हातातला हिरवा चुडा अजून ताजा. तिनं फळ घेतलं, जीपच्या आत कप्प्यांकडं वाकून बघितलं आणि विचारलं, "मावशे, पुढल्या साली माझ्या फळाला जागा असंल का हितं?"

कौसानं गेअर टाकला.

"जागा नसती, बाय. करावी लागती. तू राहा मागं, आपण करू."